दोन हत्तींचं लाल फ्रेंच पुस्तक सापडलंय, किती जुनं असेल आणि किंमत काय?

लोआरकाठची
मंडळी, मदत हवीये. मी नांतला राहते, फ्रान्समधे. गेल्या रविवारी आमच्या गल्लीत व्हीद-ग्रनिए होतं, म्हणजे लोक माळ्यावरचं सामान खाली काढून रस्त्यावर टेबलं मांडून विकतात, आपला जुना बाजारच पण विकणारे घरमालक स्वतः. एका आजींच्या टेबलावर टवके उडालेल्या बश्यांखाली हे पुस्तक दबलेलं होतं. लाल कापडी बाइंडिंग, त्यावर सोनेरी आणि काळी नक्षी, खालच्या बाजूला दोन हत्ती. तिन्ही कडा सोनेरी. उंची मोजली तर २८ सेमी, चांगलं जाडजूड, चारशेच्या आसपास पानं. आत ज्यूल व्हर्नचं नाव आणि ला मेझाँ आ व्हापर, म्हणजे वाफेवर चालणारं घर. खाली लिहिलंय जे. एत्झेल ए कोंपानी, १८ रु जाकोब, पारी. साल कुठ्ठेच नाही!! आजींनी १५ युरो सांगितले, मी १२ला आणलं (सवय जात नाही).

नवरा म्हणतो लॉटरी लागली. कारण गोष्टीत पण वाफेवर चालणारा लोखंडी हत्ती आहे आणि कव्हरवर पण हत्ती, म्हणजे याच पुस्तकासाठी खास बनवलेली पहिली आवृत्ती असणार असं त्याचं लॉजिक. विकायचं असं काही नक्की नाही पण आपल्या हातात काय आहे ते कळायला नको का. फोटो चार टाकलेत.

खवचट_खविस
पहिला. आणि १५चे १२ केलेत हे वाचून ऊर भरून आला.

सावळा_गोंधळ
फोटो दिसत नाहीयेत. मलाच का?

लोआरकाठची
परत टाकलेत, आता बघा.

जीर्णपत्र
दिसले. छान आहे पुस्तक, अभिनंदन. पण यजमानांचं लॉजिक आधी मोडतो, माफ करा. त्या हत्तींचा या गोष्टीशी काही संबंध नाही. एत्झेलने, म्हणजे व्हर्नच्या प्रकाशकाने, त्याच्या मोठ्या सचित्र पुस्तकांसाठी कव्हरच्या ठरावीक नक्ष्या केल्या होत्या आणि ती नक्षी त्या काळात निघालेल्या सगळ्या जाड पुस्तकांवर चालायची. जमवणारे लोक त्यांना नक्षीवरूनच ओळखतात, 'दोन हत्ती', 'पंखा', 'सोनेरी पृथ्वीगोल', 'चिकटवलेलं चित्र' (व्हर्नचा फोटो चिकटवलेला असतो), 'एक हत्ती' वगैरे. दोन हत्तींवाली साधारण १८७७च्या आसपासपासून १८९०पर्यंत वापरात होती. व्हर्नच्याच मायकेल स्ट्रोगॉफवर पण हेच हत्ती मिळतील आणि त्यात तर सगळा सायबेरिया आहे.

म्हणजे तुमचं पुस्तक त्या बारातेरा वर्षांतलं. कादंबरी १८८०ची, म्हणजे खालची मर्यादा तीच. आता १८८० ते ९० यात कुठे बसतं ते बघायचं. शेवटी पिवळट पानांवर प्रकाशकाची जाहिरात, पुस्तकांची यादी आहे का? असली तर त्यात व्हर्नची कुठली कुठली नावं आहेत ती सगळी इथे लिहा.

पॅरिसपुणेकर
थांबा थांबा, त्याच्या आधी एक साधी तपासणी. शेवटच्या पानावर किंवा सुरुवातीला देपो लेगाल (सरकारी ग्रंथालयात प्रत जमा केल्याची नोंद), ISBN, किंवा १९७०-८०च्या दशकातलं एखादं साल बारीक अक्षरात आहे का? मिशेल द लोर्मरे नावाच्या प्रकाशनाने त्या काळात एत्झेलच्या पुस्तकांच्या हुबेहूब प्रती काढल्या होत्या, लाल सोनेरी सगळं सेम टू सेम. इथल्या दर तिसऱ्या घरात काकांनी जपून ठेवलेला तो सेट असतो आणि काका गेले की मुलं 'एकोणिसाव्या शतकातलं दुर्मिळ' म्हणून लेबोंक्वाँवर (जुन्या वस्तू विकायची साइट) टाकतात. माझ्या सासऱ्यांकडे आहे, मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

लोआरकाठची
@पॅरिसपुणेकर हाहा. नाही, असं काही नाही. कागद पिवळट आहे, मधेमधे तांबूस ठिपके आहेत, आणि वास तो आपला जुन्या वाचनालयाचा. कव्हरवर हत्तींच्या खाली भिंग लावून बघितलं तर अगदी बारीक अक्षरात आ. लेनेग्र असं काहीतरी आहे.

@जीर्णपत्र यादी आहे! उद्या नीट बसून लिहिते, ऑफिस आहे.

जीर्णपत्र
लेनेग्र म्हणजे बाइंडर. एत्झेलचं काम लेनेग्र, एंजेल, मान्ये असे दोनतीन कारखाने करायचे आणि स्वतःचं नाव नक्षीतच कोरून ठेवायचे. नक्षीचा पितळी ठसा करणारा सूझ, त्याचं नाव पण कधीकधी सापडतं. म्हणजे अस्सल आहे हो. ठिपक्यांना इथले विक्रेते रूस्यूर म्हणतात, त्या काळच्या कागदाला ते हमखास असतात, त्याने घाबरू नका.

कर्जतची_कैरी
अवांतर होईल पण राहवत नाही. ही तीच कादंबरी ना ज्यात नानासाहेब पेशवे आहेत? नानासाहेब मूळचे आमच्या कर्जतजवळच्या वेणगावचे! जन्म १८२४, दुसऱ्या बाजीरावांनी १८२७ला दत्तक घेतलं आणि बिठूरला नेलं. लहानपणी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न पारायणं करून वाचलाय पण ही कधी हाती लागली नाही.

लोआरकाठची
@कर्जतची_कैरी अगं हो!! मला पण आत्ता कळलं. माझं फ्रेंच ऑफिसपुरतं आहे त्यामुळे डिक्शनरी घेऊन वाचतेय. पहिल्या प्रकरणाचं नावच 'शिरावर बक्षीस' असं काहीतरी आहे आणि पहिल्याच परिच्छेदात सरकारी जाहीरनामा, बंडाचा पुढारी मुंबई इलाख्यात आल्याची खबर आहे, जिवंत किंवा मेलेला आणून देईल त्याला दोन हजार पौंड, नबाब दांदू-पाँत ऊर्फ... आणि पुढे नाव गायब, कारण भिंतीवरच्या त्या कागदाचा खालचा कोपरा एका फकिराने फाडलेला असतो. दांदू-पाँत म्हणजे धोंडोपंत हे कळायला मला पाच मिनिटं लागली, मोठ्याने वाचल्यावर कळलं. आणि हे घडतं कुठे तर औरंगाबादेत, ६ मार्च १८६७च्या संध्याकाळी. माझं माहेर औरंगाबादचं. नांतच्या रस्त्यावर १२ युरोत माझं गाव निघालं.

खवचट_खविस
नबाब धोंडोपंत. सदाशिव पेठेत हे मोठ्याने म्हणू नका.

वांड_कारटा
म्हणजे व्हर्न आपल्याकडे येऊन गेला होता?

जीर्णपत्र
छे. भारतात कधीच आला नाही. प्रवासवर्णनं, नकाशे आणि भूगोलाची पुस्तकं वाचून घरी बसून लिहायचा. त्याच्या ऐंशी दिवसांवाल्या कादंबरीत, फॉगच्या पृथ्वीप्रदक्षिणेत, मलबार हिलचं देऊळ आणि मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे आहे, ते पण वाचून. त्याचा पाणबुडीवाला कॅप्टन निमो तर बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, त्याचं मूळ पण १८५७मधेच आहे. या कादंबरीत नानासाहेब खलनायकच आहेत हे आधीच सांगून ठेवतो, नंतर माझ्यावर येऊ नका. पण इंग्रजांनी नंतर जी कत्तल केली ती पण त्याने बंडाच्या प्रकरणात मांडलीये, बाजू एकच नाही घेतलेली.

किनाऱ्यावरचा
धागा मस्त चाललाय. मधेच माझं घुसवतो. मुंबईला फोर्टच्या फुटपाथवर पंधरा वर्षांपूर्वी एक फ्रेंच पुस्तक घेतलं होतं, चामड्याची बाइंडिंग, छोटंसं, खिशात मावेल एवढं. त्यावर सालाच्या जागी फक्त An VII आहे (आँ सेत म्हणतात बहुतेक). मित्र म्हणतो इसवी सन सात :) नाव तेलेमाक. व्हर्नच्या कितीतरी आधीचं असणार ना? मग किंमत पण तशीच?

पॅरिसपुणेकर
आँ सेत म्हणजे क्रांतीच्या कॅलेंडरचं सातवं वर्ष. २२ सप्टेंबर १७९२ला त्यांचं पहिलं वर्ष सुरू झालं, म्हणजे सातवं हे सप्टेंबर १७९८ ते सप्टेंबर १७९९. जुनं तर आहेच. पण तेलेमाक हे फेनेलोंचं पुस्तक १६९९मधे आलं आणि पुढची दोनशे वर्षं फ्रान्समधल्या प्रत्येक शाळकरी पोराच्या हातात होतं, आवृत्त्यांची मोजदाद नाही. शिवाय बघा, नावाच्या खाली तोम किती आहे?

किनाऱ्यावरचा
तोम स्गों.

पॅरिसपुणेकर
दुसरा खंड. पहिला नाही. म्हणजे चप्पल एका पायाची. ठेवा शोकेसमधे, छान दिसेल.

किनाऱ्यावरचा
☹ पण जुनं आहे ना...

जीर्णपत्र
जुनं म्हणजे महाग हे डोक्यातून काढा बुवा. १७८०चं धार्मिक प्रवचनांचं पुस्तक इथे दहा युरोला पडलेलं असतं, उचलायला कोणी नसतं. तूरच्या माम प्रकाशनाने एकोणिसाव्या शतकात शाळांच्या बक्षीस समारंभांसाठी ढिगाने सोनेरी पुस्तकं छापली, दिसायला राजेशाही, पण घेणारं कोण? किंमत ठरते ती हवंय कोणाला आणि चांगल्या अवस्थेत उरलीयत किती यावर. व्हर्नच्या एत्झेल प्रती भरपूर उरल्यात, कारण त्या डिसेंबरमधे नववर्षाच्या भेटीसाठी म्हणूनच विकल्या जायच्या, म्हणून तो सोन्याचा थाट. पण त्यांच्या मागे वेडी झालेली माणसंही भरपूर आहेत, म्हणून भाव टिकून आहे.

लोआरकाठची
यादी घेऊन आले. व्हर्नच्या भागात सापडलेली नावं: ला जांगादा, ल रेयाँ व्हेर, केराबाँ, लेत्वाल द्यू स्यूद, लार्शिपेल आँ फ, मातियास सांदोर्फ. आधीची पण सगळी आहेत, ती लिहीत नाही. रोब्यूर, नॉर कोंत्र स्यूद, द झाँ द व्हाकाँस ही नाहीत, तीन वेळा बघितलं.

जीर्णपत्र
झालं काम. जांगादा १८८१, रेयाँ व्हेर १८८२, केराबाँ १८८३, पुढची दोन १८८४, मातियास सांदोर्फ १८८५. रोब्यूर १८८६. म्हणजे तुमची प्रत १८८५च्या शेवटाला किंवा ८६च्या सुरुवातीला बांधली गेली. एत्झेल एकदा जुळवलेला मजकूर वर्षानुवर्षं छापत राहायचा, मुखपृष्ठ तेच, साल नाही, त्यामुळे आतली यादी हाच जन्मदाखला. फक्त एक लक्षात ठेवा, बाइंडर हाताशी असेल ती यादी लावायचा, जुनी उरलेली पण. म्हणून यादी 'याच्या आधीचं नाही' एवढं ठामपणे सांगते, 'याच्या नंतरचं नाही' हे तेवढं पक्कं नसतं. दोन हत्ती मात्र ९०च्या पुढे जाऊ देत नाहीत.

तर पहिली आवृत्ती नाही. आणि खरं सांगायचं तर १८८०ची अस्सल पहिली आवृत्ती ही मोठी सोनेरी नव्हतीच. आधी छोट्या आकारात दोन भागांत चित्रांशिवाय निघाली, मग वर्षाच्या शेवटी लेओं बेनेतच्या चित्रांसह मोठी. ती छोटी दिसायला इतकी साधी आहे की तुमच्या आजींनी बश्या तिच्यात गुंडाळल्या असत्या.

सावळा_गोंधळ
हे म्हणजे जुन्या नाण्यांसारखंच झालं, चमकणारं सगळं सरकारी मिंटचं री-इश्यू.

लोआरकाठची
ठीके, लॉटरी नाही. नवऱ्याला सांगितलं, तो नॉर्मल आहे आता. पण मग साधारण किती? एका साइटवर हेच पुस्तक ९०० युरोला आहे, दुसरीकडे ६०ला.

पॅरिसपुणेकर
मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. ९००वाला कदाचित सहा वर्षं बसलाय तसाच. द्रूओ (पॅरिसचं लिलावघर) किंवा ऑनलाइन लिलावांचे जुने निकाल चाळा, पण तिथला हातोड्याचा भाव म्हणजे पूर्ण भाव नाही, घेणाऱ्याला वर पंचवीस-तीस टक्के फी पडते आणि विकणाऱ्याच्या हातात येतानाही कमिशन कापलं जातं. दुकानदार तुमच्याकडून घेईल तेव्हा त्याच्या विक्रीच्या निम्मं मिळालं तरी चांगलं समजा.

मी पॅरिसला असताना पार्क जॉर्ज ब्रासॉंच्या शनिवार-रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात बरेच रविवार घालवलेत. तिथल्या अनुभवावरून, नेहमीचं शीर्षक, लाल, दोन हत्ती, ठीकठाक अवस्था म्हणजे शंभर ते अडीचशे युरो मागतात. तेच कापड निळं, हिरवं किंवा जांभळं असेल तर सूर बदलतो कारण लाल सगळ्यात जास्त निघालं. आणि अवस्था एक नंबर असेल, पाठ उन्हाने फिकी नसेल, कोपरे टोकदार, सोनं झळझळीत, तर मग वेडे लोक कितीही देतात. पाठीचा फोटो टाका ना, तुम्ही फक्त पुढची बाजू टाकलीये.

लोआरकाठची
पाठीचं जरा... सांगू का, रागावू नका. आणल्या आणल्या धूळ होती म्हणून मी ओल्या फडक्याने पुसलं. फडकं गुलाबी झालं. पाठीवर आणि मागच्या कव्हरवर आता एक फिका पट्टा आहे. तिथेच थांबले मी.

जीर्णपत्र
अरेरे.

पॅरिसपुणेकर
अहो ताई!!! पेरकालीन आहे ते, रंगवलेलं खळीचं सुती कापड. पाणी लागलं की रंग सुटणारच. कोरडा मऊ ब्रश, बास, बाकी काही नाही. ओलं फडकं नाही, खोडरबर नाही, सेलोटेप तर अजिबात नाही, फेव्हिकॉल नाही.

सुगरण_नसलेली
आणि खाकी कव्हर? माझ्या आईने माझ्याकडची सगळी जुनी पुस्तकं जूनमधे खाकी कव्हर घालून, लेबल लावून, वर्गवार लावली होती. पदवी घेऊन वीस वर्षं झाली होती मला.

जीर्णपत्र
खाकी कागदात आम्ल असतं, कापडाला चिकटून वर्षानुवर्षं राहिला तर डाग पडतो. आम्लरहित कागद मिळतो तो वापरा, नाहीतर नुसतं उभं ठेवा, उन्हापासून लांब, शेजारच्या पुस्तकांत घट्ट कोंबू नका. आणि काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढू नका, ते टोक पहिलं फाटतं. ताई, एक शेवटचं काम. पान न पान मोजा. याच्यातली पूर्ण पानभर चित्रं पण पृष्ठक्रमांकातच धरलेली आहेत, त्यामुळे पान गेलं असेल तर आकड्यात लगेच उघडं पडतं. शंका आली तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गालिका साइट फुकट आहे, स्कॅन मिळालं तर शेजारी ठेवून ताडून बघा.

वांड_कारटा
मी अजून विचार करतोय की वाफेच्या हत्तीला वळण कसं घ्यायचं.

लोआरकाठची
@वांड_कारटा आमच्या गावात ये, कळेल. इथे लोआरच्या बेटावर बारा मीटर उंच यांत्रिक हत्ती फिरतो, २००७पासून, पाठीवर माणसं बसवून, सोंडेतून पाणी उडवतो. व्हर्न इथलाच, १८२८चा जन्म, त्यामुळे गावभर तोच आहे. पुस्तकातला हत्ती मात्र पाठीवर बसायला नाही, तो मागे चाकांवरची दोन अख्खी घरं ओढतो, कलकत्त्यापासून. भूतानच्या राजासाठी बनवलेला असतो.

पानं मोजतेय. १६०पर्यंत ओके.

लोआरकाठची
२०८ नंतर एकदम २१३ आहे.

खवचट_खविस
फकिराने फाडलं.

जीर्णपत्र
म्हणजे २०९ ते २१२, दोन पानं गेली. शिलाईच्या जागी बघा, कापल्याची धार दिसते की ओढून निघालेली?

लोआरकाठची
कापलीत. सरळ ब्लेडने. मला वाटतं एखाद्याने चित्र भिंतीवर लावायला नेलं.

पॅरिसपुणेकर
मग जमवणाऱ्यांच्या लेखी हे अपुरं. तुमचा पट्टा एकवेळ सहन केला असता त्यांनी. तरी एकदा जाणकार दुकानदाराला दाखवाच, जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांची फ्रान्सभर संघटना आहे, स्लाम, तिचं बोधचिन्ह असलेला शोधा. तोंडी अंदाज बरेचदा फुकट देतात, लेखी हवा असेल तर पैसे लागतात. आणि त्यांच्याकडे बहुधा जोझाकचं पुस्तक असतं, एत्झेलच्या सगळ्या बाइंडिंगांचे फोटो त्यात आहेत, तेवढं जरूर बघून घ्या.

लोआरकाठची
अपडेट. आज गेले होते. म्हाताऱ्या दुकानदाराने आधी कव्हर बघितलंच नाही, डोळे मिटून पुस्तक उघडलं आणि वास घेतला, मग बिजागरीवर अंगठा फिरवला, मग यादी. म्हणाला १८८५-८६. (@जीर्णपत्र तुम्हाला साष्टांग.) गुलाबी पट्ट्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं घेतलं तेव्हापासूनच आहे. मग २०८-२१३. पुस्तक बंद केलं आणि म्हणाला तीस, फार तर चाळीस, ते पण चित्रांसाठी, तो सुटं करून एकेक चित्र फ्रेम करून विकेल. माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं नको, राहू दे, आणि बॅगेत घालून घरी.

गालिकावरून ती चार पृष्ठं प्रिंट करून मधे नुसती ठेवलीयत, चिकटवली नाहीत, ओरडू नका. आणि पहिलं प्रकरण मोडक्यातोडक्या मराठीत करून बाबांना पाठवलं.

जीर्णपत्र
पेन्सिलीने आतल्या पानावर कोपऱ्यात लिहून ठेवा की ही पानं तुम्ही घातलीत, तारीख पण टाका. पुढच्याला शोधायला नको.

कर्जतची_कैरी
मराठी इथे पण टाक ना प्लीज.

लोआरकाठचीचे_बाबा
नमस्कार. मुलीने खाते काढून दिले आहे, टंकलेखनात चुका होतील. प्रकरण वाचले. त्यात तो जाहीरनामा लावलेला पडका बंगला दुधमा नदीच्या काठी आहे असे लिहिले आहे. ही दुधना असणार. परंतु दुधना औरंगाबाद शहरातून वाहत नाही, ती पूर्वेकडे उगम पावून जालन्याच्या बाजूला जाते. शहरात आहे ती खाम. एकतर नदी चुकली आहे किंवा बंगला शहराबाहेर बराच लांब होता, आणि तसे असेल तर फकीर संध्याकाळी पायी गावात कसा पोचला हे लेखकाने सांगायला हवे होते. चौथ्या प्रकरणात वेरूळची लेणी येतात असे ती म्हणते, तेही पाठवावे, तिथली अंतरे मला ठाऊक आहेत.

खवचट_खविस
काका, स्वागत आहे. धाग्यातलं सगळ्यात किमती पान हेच.

लोआरकाठची
बाबा रात्री करते, प्रकरण मोठं आहे.